मान न वळवता

लीपा, नेब्रास्का
७ मार्च १९५४

प्रिय लाडी,

आधी बातमी सांगते, मग भांडते.

जूनमध्ये लँटर्न क्लबचं राष्ट्रीय अधिवेशन तुमच्या डेन्व्हरला भरतंय, आणि त्याच्या मोठ्या संचलनात आपल्या शाखेने गावचा बँड उतरवायचं ठरवलंय. मंगळवारच्या जेवणात मतं घेतली. एकही हात खाली राहिला नाही. होराक दंतवैद्याचा हात म्हणे शेजाऱ्याने धरून वर केला, कारण बदक आणि कोबी पोटात गेल्यावर तो डोळे मिटून बसला होता. मी तिथे नव्हते. बायकांना त्या जेवणात वाढायला तेवढं बोलावतात आणि मी वाढायला जात नाही. पण टेलिफोन एक्स्चेंजवर बसणाऱ्या बाईला गावातलं काही कळायला खोलीत हजर असावं लागत नाही.

आता भांडण. वडिलांना, आपल्या तातांना, पुरलं त्या दिवशी तू दफनभूमीच्या फाटकापाशी म्हणालास, "चला, आज बँडही पुरला." मी तेव्हा रडत होते म्हणून बोलले नाही. आता बोलते. बँड जिवंत आहे. दर गुरुवारी सोकोल हॉलमध्ये तालीम होते आणि तातांची छडी माझ्या हातात असते. तरुण पोरं कोरियाला गेली तेव्हा ज्या जागा रिकाम्या झाल्या त्या मी मुलींनी भरल्या. मातेय काका अजून ट्यूबा वाजवतात, मात्र मध्येच बसायला खुर्ची लागते. आणि पहिली कॉर्नेट आहे आडेला बार्तोश, रूडीची मुलगी. तू गेलास तेव्हा दोन वेण्या घालायची, ती आता तेवीस वर्षांची आहे. बावन्नच्या उन्हाळ्यात तिला पोलिओ झाला. डावा पाय कॅलिपरमध्ये आहे, हातात काठी असते, आणि कॉर्नेट असं वाजवते की तातांनी एकदा तालीम थांबवून नाक शिंकरलं होतं. सर्दी झालीय म्हणाले.

तू त्या शहरात संचलनांचे चित्ररथ बांधून पोट भरतोस, तेव्हा मला कामाचं सांग. रस्ता कसा आहे? चढ आहे का? वळणं किती? बँड निजवायचा कुठे? आणि हो, या वर्षी क्लबचा अध्यक्ष रूडीच आहे. झेंडा घेऊन सगळ्यांत पुढे तो चालणार.

तुझी,
व्लास्ता


डेन्व्हर
२१ मार्च १९५४

प्रिय व्लास्ता,

भांडण मान्य, हार मान्य. बँड पुरला नाही, मीच घाईने माती लोटली.

रस्ता ऐक. स्टेशनापासून सतराव्या रस्त्याने वर, दोन्ही बाजूंना बँका आणि हॉटेलं, मग डावं-उजवं करत विधानभवनासमोरच्या बागेत. चढ डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळतो. पण खरी गोची हवेची आहे. हे शहर इतकं उंचावर आहे की तुमच्या सपाटीवरचा माणूस जिना चढला तरी माशासारखा तोंड उघडतो. गेल्या वर्षी कॅन्सस की कुठला एक बँड आला होता. दुसऱ्या चौकात त्यांचे ट्रॉम्बोनवाले फूटपाथवर बसले आणि सरबत विकणाऱ्या बाईने त्यांना वारा घातला. तेव्हा एक गत वाजवा, एक गत नुसत्या ढोलावर चाला. दुसरं म्हणजे ट्रामचे रूळ. ट्राम बंद झाल्या, रूळ डांबराखाली पुरले, पण काही चौकांत ते अजून डोकं वर काढतात. खाली बघून चाला.

माझं म्हणशील तर छातीत धडकी आहे. डेन्व्हरच्या शाखेने मला पर्वत बांधायला सांगितलाय. लाकडी सांगाडा, त्यावर कोंबड्यांची जाळी, त्यावर प्लास्टर, हजारो कागदी फुलं, आणि मधोमध खऱ्या पाण्याचा धबधबा. पाणी वर चढवणारा पंप तापला की खोकतो. मी रात्रंदिवस त्याची मनधरणी करतो.

आणि रूडी बार्तोश अध्यक्ष? शाळेत असताना तो गणिताचं उत्तर येत नसलं तरी सगळ्यांत मोठ्याने सांगायचा. उथळ पाण्याला खळखळाट फार. झेंडा त्याला शोभेल, दोघांनाही हवा लागते.

आडेलाला मात्र चालवू नका. मी समितीत शब्द टाकतो, तिला फुलांनी सजवलेल्या उघड्या मोटारीत बसवू. हवं तर माझ्या पर्वतावर बसव, धबधब्याशेजारी. छान दिसेल.

निजायची सोय एका चर्चच्या तळघरात करतो. सांभाळून राहा.

तुझा,
लाडी


लीपा
२५ एप्रिल १९५४

प्रिय लाडी,

उत्तराला उशीर झाला, कारण इथे युद्ध चालू आहे आणि मी सेनापती आहे.

मोटारीची कल्पना तुझ्या एकट्याच्याच डोक्यात आली नव्हती. पंधरा दिवसांपूर्वीच्या गुरुवारी तालमीत रूडी स्वतः आला, टोपी हातात घेऊन, आणि त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं की आडेला उघड्या मोटारीत बसणार. मोटारीवर फलक असणार: "तुमच्या देणग्यांनी ही चालू लागली." क्लब पोलिओच्या पोरांसाठी वर्षभर पैसे जमवतो हे तुला ठाऊक आहे. पॅनकेकच्या न्याहाऱ्या, दुकानांतले देणगीचे डबे, सगळं. तेव्हा क्लबला ते हवंच होतं.

आडेलाने कॉर्नेट मांडीवर ठेवली. ती आवाज चढवत नाही. म्हणाली, "चालू लागले ना, ताता? मग चालू द्या."

रूडीचा चेहरा विटेसारखा झाला. त्याने टोपी घातली, काढली, आणि म्हणाला की हजारो लोकांसमोर, परक्या शहरात, चढावर, तू पडलीस तर? ती म्हणाली, "पडेन. इथेही पडते." तो उठून गेला.

त्यानंतर मी तीनदा त्याच्या पिठाच्या गिरणीत गेले. मी म्हटलं, काठी डाव्या हातात, कॉर्नेट उजव्या. कॉर्नेट एका हाताने वाजवता येते, तिने सबंध हिवाळा तेच केलंय. मी म्हटलं, क्लबच्या घोषणेत 'चालती करू' म्हणता आणि चालणाऱ्या मुलीला गाडीत घालून मिरवता, हे कुठलं शहाणपण? तो पोती मोजत राहिला. पालथ्या घड्यावर पाणी.

माझा बेत असा आहे. सगळा बँड तिच्या पावलाने चालेल. तातांच्या संथ चालीच्या जुन्या धुना आहेत, त्या काढल्यात. हल्लीचे बँड पळतात. आपण चालू. तेव्हा मला सांग, संचलनात आपली जागा कुठे असेल? मागून कुणी ढकलायला नको.

आणखी एक. रूडीला उथळ म्हणू नकोस. आईविना मुलगी वाढवली त्याने, आणि ती तापात असताना पाच आठवडे इस्पितळाच्या जिन्यावर झोपला. आत येऊ देत नव्हते म्हणून. तो चुकतोय, पण उथळ नाही.

तुझी,
व्लास्ता

ता. क. शाळेतल्या पोरांना आता पोलिओची नवी लस टोचून बघणार आहेत म्हणे. आडेलाने बातमी वाचली, पेपरची नीट घडी घातली आणि तालमीला आली.


डेन्व्हर
९ मे १९५४

प्रिय व्लास्ता,

कुणाची एवढी वकिली तू कधी केली नव्हतीस. मी पोस्टमनला विचारलं, पत्र नक्की माझ्याच बहिणीचं ना.

जागेचं सांगतो. समितीचं म्हणणं, संचलन झपझप गेलं पाहिजे, कारण व्यासपीठावर मोठी माणसं उन्हात बसणार आहेत. संथ बँड कुणालाच मागेपुढे नको. पण काल चिठ्ठ्या टाकल्या आणि लीपाची चिठ्ठी माझ्या पर्वताच्या बरोबर पुढे निघाली. नशीब म्हणतात ते हेच. माझा पर्वत ट्रॅक्टर ओढणार, आणि ट्रॅक्टरने जरा वेग घेतला की धबधबा ट्रॅक्टरवाल्याच्या मानेत पडतो. तुम्हांला मागून कुणी ढकलणार नाही, एवढं मी लिहून देतो.

तरी एक विचार कर. तू तातांच्या छडीसाठी हे करतेस की त्या पोरीसाठी? ती पडली तर टाळ्या वाजवणारेच 'अरेरे' म्हणतील, आणि ते 'अरेरे' ती जन्मभर ऐकेल. रूडीला मी शहाणा कधी म्हटलं नाही, पण इथे त्याची भीती मला समजते.

पंप कालपासून खोकत नाही. मीच खोकतोय.

लाडी


लीपा
६ जून १९५४

प्रिय लाडी,

जिंकले.

गुरुवारी तालीम सुटल्यावर रूडी हॉलच्या पायरीवर उभा होता. म्हणाला, "चालू दे तिला. झेंडा मी धरीन. अट कसलीच नाही." एवढंच, आणि गाडीत जाऊन बसला. शेवटी माझ्या बोलण्याने त्याच्या कानांत वाट पाडलीच. चौथ्यांदा गेले होते तेव्हा मी असं काही सुनावलं होतं की गिरणीतल्या मांजरीनेही जागा सोडली. आडेलाला सांगायला गेले तर तिला आधीच माहीत होतं. नुसती हसली आणि कॉर्नेटला तेल देत बसली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. छडी आणि पोरगी, दोन्हींसाठी. ज्या बँडमध्ये आडेलाला जागा नाही, तो तातांचा नाहीच. मग त्यासाठी छडी कशाला उचलू?

आम्ही धान्याच्या कोठारामागच्या रस्त्यावर चालून बघतो. पहिल्या दिवशी मुलांचे पाय पुढे पुढे पळायचे, ढोलवाला तर आपल्याच ढोलावर आपटला. आता जमलंय. संथ चालणं पळण्यापेक्षा अवघड असतं, लाडी. पाय उचलला की तो हवेत थांबवावा लागतो. आडेला दोनदा पडली. उठली. कुणी हात दिलेला तिला आवडत नाही, म्हणून कुणी देत नाही. नोवोत्नी काकू पडद्याआडून बघतात आणि मग मला फोनवर नंबर मागताना सुस्कारे टाकतात.

एकवीस तारखेला, सोमवारी सकाळी पोहोचतो. मी भाजलेले खसखशीचे गोड कोलाचे आणतेय, सगळे तुझेच.

व्लास्ता


लीपा
२७ जून १९५४

प्रिय लाडी,

स्टेशनवर आपल्याला धड बोलताही आलं नाही. तू गर्दीत टोपी हलवत राहिलास आणि मी खिडकीतून नुसती ओरडत. म्हणून आता लिहिते.

पहिलं म्हणजे तुझा पर्वत सुंदर होता. खोटी स्तुती मी करत नाही हे तू जाणतोस. दुसरं म्हणजे तुमचं शहर त्या दिवसांत पार वेडं झालं होतं. टेक्ससवाले हॉटेलच्या दिवाणखान्यात गाढव घेऊन शिरले आणि गाढवाने स्वागतकक्षावरची फुलं खाल्ली. कुठल्या तरी शाखेचे जाडजूड सावकार पिवळे झगे घालून सूर्यफूल झाले होते. चौकात एक म्हातारा क्लबची हाळी द्यायचा, "दिवा आहे का?" आणि चारी रस्त्यांवरून हजार गळे, "पेटलेला आहे!" आमच्या पोरी आधी लाजल्या, संध्याकाळपर्यंत त्यांचेच आवाज सगळ्यांत मोठे झाले. मातेय काकांनी एका अनोळखी बाईबरोबर रस्त्यात पोल्का नाच केला आणि खुर्ची मागितली नाही.

आणि संचलन. तू पर्वतावर उभा राहून वरून बघितलंस, मी रस्त्यावरून काय बघितलं ते सांगते.

पहिले काही चौक लोक गोंधळले. आमच्या पुढचा बँड उड्या मारत निघून गेला आणि मागे एवढी रिकामी जागा पडली की एक कुत्रं तिथे आरामात बसलं. त्या रिकाम्या रस्त्यावर एकटा रूडी, झेंडा घेऊन; मग मी; मग बँड, संथ. कुणीतरी हसलं. मग हसू थांबलं. बँकेच्या खिडकीतून कागदाचे तुकडे पडत होते, ते टाकणारा टाकायचं विसरला. लोक ऐकत होते. आडेलाचा सूर त्या उंच इमारतींच्या मधून असा निघत होता की मला ताता नाक शिंकरताना दिसले.

मग तो चौक. काठीचं टोक रुळाच्या खाचेत गेलं. मी पाठमोरी होते. मला काठी ऐकू आली नाही, पडणं ऐकू आलं नाही; कॉर्नेट गप्प झालेली ऐकू आली. वळले, छडी आडवी धरली, आणि बँड जागच्या जागी कदमताल करत राहिला, वाजवत राहिला, तिच्या सुराविना. फूटपाथवरून दोघे पुरुष धावले. तिने काठी त्यांच्यावर रोखली. ते थांबले. ती गुडघ्यावर आली, कॅलिपरची कडी लावली, काठीवर भार दिला, एकदा घसरली, पुन्हा भार दिला. उभी राहिली, ओठ पुसले, आणि गत जिथे पोहोचली होती बरोबर तिथेच तिने सूर उचलला. त्यानंतरचं तू ऐकलंसच. तसल्या टाळ्या मी पुन्हा ऐकणार नाही.

पण एक गोष्ट मी विसरणारही नाही. या सबंध वेळात रूडी पाठ करून उभा होता. ताठ. झेंडा सरळ. पोटची पोर डांबरावर पडली होती आणि त्या माणसाने मान वळवली नाही. क्लबची शान गेली असती! गावात सगळे तेच बोलताहेत. नोवोत्नी काकू म्हणाल्या, दगडाला पाझर फुटेल, याला नाही.

आता तुला एक सांगते जे आजवर लपवलं. नाताळात रूडीने मला लग्नाचं विचारलं होतं. मी म्हटलं, विचार करून सांगते. सांगायला इतके महिने का लागले म्हणशील, तर मला हो म्हणायचं होतं आणि एकेचाळिसाव्या वर्षी माणूस हो म्हणायला घाबरतो. परतीच्या गाडीत, सकाळी, शेतं दिसायला लागल्यावर तो माझ्या शेजारी येऊन बसला. मी त्याला तोंडही उघडू दिलं नाही. म्हटलं, "उत्तर नाही असं आहे." तो म्हणाला, "बरं." आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

तू त्याला उथळ म्हणाला होतास. मी भांडले होते. तू जिंकलास.

व्लास्ता


डेन्व्हर
१ जुलै १९५४

प्रिय व्लास्ता,

मी जिंकलेलो नाही. हे पत्र उभ्याने वाच आणि वाचून झालं की लगेच गिरणीत जा.

संचलन संपल्यावर तू बक्षिसाच्या रांगेत होतीस. आडेला माझ्या पर्वतावर येऊन बसली, प्लास्टरच्या एका खडकावर, बूट काढून, गुडघा सोललेला. मी तिला सरबत दिलं आणि, मला जीभ आवरत नाही हे तुला ठाऊक आहे, विचारलं, "पोरी, तुझा बाप दगडाचा आहे का?"

ती म्हणाली, "त्यांनी मला वचन दिलं होतं."

मग तिने सांगितलं. मे महिनाभर बापलेकीचं घरात जेवणाच्या टेबलावर हेच चाललं होतं. तो नाही म्हणायचा, ती ताटावरून उठायची. शेवटी तिने अट घातली. तो येऊ शकतो, झेंडाही धरू शकतो, पण ती पडली तर त्याने मागे बघायचं नाही. ती म्हणाली, "तुम्ही वळलात की लोक तुमचा चेहरा बघतील, आणि मग मी पांगळी होईन. तुम्ही वळला नाहीत तर मी घसरलेली कॉर्नेटवाली." त्याने विचारलं, "आणि तू उठलीच नाहीस तर?" ती म्हणाली, "तर सगळेच धावतील. तेव्हा तुम्हीही या." तो टेबलावर डोकं ठेवून रडला आणि मग म्हणाला, ठीक. म्हणजे बाईसाहेब, त्याच्या कानांत वाट तुम्ही पाडली नव्हती.

मी काय बघितलं तेही ऐक. मी उंचावर होतो, तुझ्यापेक्षा बरं दिसत होतं. झेंड्याच्या काठीवर तो पितळी कंदील असतो ना, तो खडखडत होता. मला वाटलं वारा. वारा नव्हता, माझं एक कागदी फूलही हललं नाही. आणि बागेत पोहोचल्यावर रूडी माझ्या पर्वतामागे आला, पंपाची नळी ओढून घेतली आणि तोंडावर पाणी मारत बसला, किती तरी वेळ. मी म्हटलं, "विरळ हवा, रूडी?" तो म्हणाला, "हो, हवा." मी मनात म्हटलं, बघा, एवढ्यात दमला.

आडेलाने मला हे गावात कुणाला सांगू नका म्हटलं होतं. पण तू म्हणजे गाव नव्हेस. आणि तू त्याला नकार दिलास हे तिला ठाऊक असतं तर तिनेच तुला काठीने हाणलं असतं.

मी त्या माणसाला चाळीस वर्षं हसलो. पोर मागे पडली असताना मी मान वळवली असती, व्लास्ता. शपथेवर सांगतो, मी वळवली असती.

आणि आता सगळं उघडं होतंच आहे तर हेही: संचलनातल्या जागेची ती चिठ्ठी नशिबाने निघाली नव्हती. डोळे उघडे ठेवून मीच काढली होती.

जा आता.

लाडी


लीपा
११ जुलै १९५४

प्रिय लाडी,

उभ्याने वाचलं. एक्स्चेंजवर होते, तीन दिवे लुकलुकत होते, तिन्ही माणसांना ताटकळत ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा. मग दुसऱ्या पाळीच्या मिलाडाला माझ्या खुर्चीवर बसवून गिरणीत गेले.

रूडी काट्यावर पोतं चढवत होता. मला बघून त्याने पोतं खाली ठेवलं नाही. मी म्हटलं, आडेलाने लाडीला सांगितलं, लाडीने मला लिहिलं, मला सगळं कळलं. तो म्हणाला, "तुला उत्तर द्यायचं होतं ते तू गाडीत दिलंस."

मी म्हटलं, "ते चुकीचं होतं."

"तेव्हा बरोबर वाटलं होतं ना."

"तू बोलायचं होतंस, रूडी. तोंड काय पीठ भरायला ठेवलंय?"

तेव्हा त्याने पोतं खाली टाकलं. म्हणाला, वचन तिचं आहे, ते गावात वाटायचा मला हक्क नव्हता. आणि मग जे म्हणाला ते मला रात्रभर लागून राहिलं. "पोरीने तोंड उघडलं नसतं तर तू मला जन्मभर दगडच समजली असतीस. मला अशी बायको हवी का, हे मलाही बघायला पाहिजे."

मी उत्तर शोधत राहिले नाही, लाडी. खरं तेच सांगितलं. म्हटलं, "हो, समजले असते. मी चटकन ठरवते आणि चुकले तर चटकन परत येते. चालत आलेय बघ, उन्हात. याहून चांगली बायको लीपात मिळणार नाही, आणि तुलाही ठाऊक आहे."

त्याने हात झटकले. केसांत, भुवयांत पीठ. मग हसायला लागला. आवाज नाही, नुसते खांदे. म्हणाला, विचार करून सांगतो. मी म्हटलं, सांग. पण नाताळपर्यंत नाही. तो म्हणाला, रविवारपर्यंत. मी परत येऊन तारा जोडायला लागले तर माझ्या हातून होराक दंतवैद्याला पशुवैद्य जोडला गेला आणि दोघेही बराच वेळ दाढेविषयी बोलत राहिले.

आज रविवार. चर्चमधून बाहेर पडलो. सगळं गाव पायऱ्यांवर, नोवोत्नी काकू अर्थातच सगळ्यांत पुढे. रूडी माझ्यापाशी आला आणि सगळ्यांच्या देखत माझा हात धरून म्हणाला, "हो." कशाला हो, हे कुणालाच कळलं नाही, काकू तर विचारत विचारत माझ्यामागे फाटकापर्यंत आल्या. आडेला मात्र काठीवर रेलून इतकी मोठ्याने हसली की पाद्री परत बाहेर आले.

लग्न सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, कापणीच्या आधी. रूडी म्हणतो, गावाला वाटतं ते वाटू दे, वचनाचं कुणाला सांगायचं नाही. मी सांगणार नाही. पण काल एकीने फोनवर नंबर मागता मागता 'तो दगड' असं म्हटलं, आणि मला तिचा नंबर लावायला आठवडा लागणार आहे.

तू ये. पर्वत नको, नुसता ये. बँडपुढे आडेला चालणार आहे. तिने छडी मागितली, मी दिली. तिने विचारलं, किती संथ चालू? मी म्हटलं, तुझ्या पावलाने. तेवढ्या वेगाने चर्चपर्यंत जायला बराच वेळ लागेल, आणि मला तो सगळा हवा आहे.

तुझी,
व्लास्ता